राठोडबाईंची सही

राठोडबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एकवीस मुलींना भर उन्हात रांगेत उभं करून दोघीदोघींना खाली बसवत होत्या. मी त्याच दिवशी त्या आश्रमशाळेत अधीक्षिका म्हणून हजर होणार होते. यवतमाळहून निघून, दोनदा बस बदलून झरी जामणीच्या बाजूच्या त्या जंगलातल्या गावी पोचले होते आणि अजून हातातली बॅगही खाली ठेवलेली नव्हती. मला वाटलं, शिक्षा चालली आहे. मी तरातरा गेले आणि म्हणाले, "अहो, हा काय प्रकार आहे?" बाईंनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. रांग उंचीप्रमाणे लावलेली होती. या टोकाची सगळ्यांत उंच मुलगी बसली, त्या टोकाची सगळ्यांत बुटकी बसली, मग त्यांच्या शेजारच्या दोघी, मग त्यांच्या शेजारच्या. असं करत करत शेवटी बरोबर मधली एकटी उभी राहिली आणि ओशाळून हसायला लागली.

"हा मध्यक," बाई म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे वळून, "अन् तुम्ही कोन?"

अशा त्या कमल राठोड. नववी-दहावीला गणित शिकवायच्या. उंच, सावळ्या, मनगटावर पुरुषी घड्याळ, चालणं असं की मागे बैलांचा तांडा येतोय आणि थांबायला वेळ नाही. पुसदजवळच्या एका बंजारा तांड्यावर त्यांचा जन्म. त्या तांड्यावरून गणित घेऊन बी.एस्सी. झालेल्या त्या पहिल्याच. "आमचे आजे-पनजे बैलावर मीठ लादून मुलूखभर हिंडले," असं त्या सांगायच्या, "मी खडू घेऊन हिंडून राह्यली. ओझं हलकं झालं, बाकी धंदा थोच."

सांख्यिकीचा धडा आला की बाईंना चेव यायचा. पुस्तकातली उदाहरणं त्या हातात धरायच्या नाहीत. सरासरी शिकवायची तर मुलींना मूठमूठ शेंगदाणे आणायला लावायच्या, सगळ्यांचा ढीग करायच्या आणि मोजून सारखे वाटायच्या. "सगळ्याइचं एका जागी करून सारखं वाटनं म्हणजे सरासरी. आता जिनं जास्त आनले होते तिचं तोंड पाहा!" बहुलक शिकवताना सगळा वर्ग दाराशी, चपलांच्या ढिगापाशी. कुठल्या नंबरच्या चपला सगळ्यांत जास्त, ते शोधायचं. "चपलेच्या दुकानदाराले सरासरी सांगून पाहा. सव्वाचार नंबरची चप्पल ठेवते काय तो?" मुली हसून हसून बेजार व्हायच्या आणि बहुलक जन्मात विसरायच्या नाहीत.

पण त्यांचा खरा जीव होता विस्तारावर. सगळ्यांत मोठ्या आकड्यातून सगळ्यांत लहान आकडा वजा केला की विस्तार. पुस्तकात दोन ओळींत संपणारी गोष्ट. बाईंच्या वर्गात ती तिथं संपायची नाही. उत्तरापुढे दोन नावं लिहावी लागायची. मोठा आकडा कुणाचा, लहान कुणाचा. "नुसती वजाबाकी करून मले दाखवू नका. दोन्ही टोकाले एकेक पोट्टी उभी हाये. नाव नाई लिहिलं तं अर्धा मार्क कापीन." आणि खरंच कापायच्या. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी, हे अभ्यासक्रमात कुठं आहे, असं विचारलं, तर बाई म्हणाल्या, "साहेब, अभ्यासक्रमात पोट्ट्याच कुठं हायेत?" साहेबांनी चहा अर्धा टाकला आणि शेरा मात्र चांगला लिहिला.

मी त्यांच्यावर खूश होते आणि मनातून स्वतःला थोडी वरचढही समजत होते, हे आता कबूल करायला हवं. माझे वडील, आजोबा कचेरीत आयुष्य काढलेले. आमच्या घरी देवापाठोपाठ मान असायचा तो सुवाच्य अक्षराला आणि वेळेवर गेलेल्या कागदाला. बाईंचं वऱ्हाडी ऐकून मी एकदा मुलींच्या देखत म्हणाले होते, "बाई, 'मले' नाही हो, 'मला'." बाई हसल्या. "लिहिताना मला लिहितो ना, मॅडम. पन जीभ माह्या घरची हाये, थे काही बदली मांगत नाही." मग संध्याकाळी डब्यात हिरव्या मिरचीचा ठेचा आणि ज्वारीची गरम बाटी घेऊन आल्या. भाकरीला त्या बाटी म्हणायच्या. मला वाटलं, चला, विसरल्या.

अधीक्षिकेकडे रजिस्टरं पुष्कळ. त्यातलं एक मुलींच्या वजनाचं. दर महिन्याच्या एक तारखेला प्रत्येक मुलीचं वजन करायचं, लिहायचं, खाली माझी सही आणि शेजारी वर्गशिक्षिकेची सही. नववीची वर्गशिक्षिका म्हणजे राठोडबाई. जुलैत मी वजनं नीट केली. जुलैच्या मध्यावर वजनकाट्याची काच तडकली आणि काटा बंद पडला. मी मागणीपत्र पाठवलं, स्मरणपत्र पाठवलं, आणि ऑगस्टची एक तारीख आली. रकाना रिकामा ठेवायचा? आमच्या घरात रिकाम्या रकान्यासारखी लाजिरवाणी गोष्ट नव्हती. वाढत्या वयाच्या मुली. महिन्याला अर्धा किलो वाढतच असतील, असा मी हिशेब केला आणि टेबलाशी बसून प्रत्येकीच्या आकड्यात अर्धा किलो मिळवला. सप्टेंबरला तेच. ऑक्टोबर, नोव्हेंबरला तेच. अक्षर इतकं सुरेख आलं होतं की मी स्वतःच पानं उलटून पाहायची.

डिसेंबरच्या एक तारखेलाच, मी नवा रकाना भरण्याआधी, बाई ऑफिसात आल्या. "मॅडम, वजनाचं रजिस्टर देता काय दोन तास? सांख्यिकी चालू हाये. पोरींले खरे आकडे पाह्यजे."

मी दिलं. नुसतं दिलं नाही, मुलींना माझं अक्षर दिसावं म्हणून कौतुकानं स्वतः वर्गात घेऊन गेले आणि मागच्या बाकावर बसले.

बाईंनी वर्गाचे पाच गट केले, प्रत्येकाला एक महिना. वीस मिनिटं माना खाली. मग एकेक गट फळ्यावर उत्तर लिहून गेला. जुलैचा विस्तार सतरा. ऑगस्टचा सतरा. सप्टेंबरचा सतरा. मुलींना गंमत वाटायला लागली. ऑक्टोबर सतरा, नोव्हेंबर सतरा. दोन्ही टोकांची नावंही पाचही महिने तीच. मध्यकही दर महिन्याला एकाच मुलीच्या नावावर, शेवंता टेकामच्या. आणि सरासरी दर महिन्याला बरोबर अर्ध्या किलोनं वर. वैशाली नावाची एक चुणचुणीत मुलगी उभी राहिली. "बाई, नियम सापडला! सगळ्याइच्यात सारखाच आकडा मिळवला तं सरासरी वाढते, पन विस्तार हालत नाई!"

"बरोबर," बाई म्हणाल्या. "लिहून घ्या."

मुली लिहू लागल्या. वैशाली उभीच. रजिस्टरवर बोट ठेवून म्हणाली, "पन बाई, ही नोव्हेंबरची एक तारीख. तवा तं दिवाळीच्या सुट्ट्या होत्या. आपन साऱ्या घरी गेलतो ना?"

बाकाची कड मी इतकी घट्ट धरली की तळव्यात वळ उठला. वीस-एकवीस तोंडं हळूहळू मागे वळत होती. त्यांत राग नव्हता, नुसतं नवल होतं, आणि ते नवल मला सोसवेना. बाई मात्र माझ्याकडे वळल्या नाहीत. फळा पुसत म्हणाल्या, "वैशाली, बस. मंग आता खरंच मोजून पाहू. चला."

गावात धान्य आणि कापूस घेणारा एक व्यापारी होता. बाईंनी त्याचा लोखंडी काटा बैलबंडीवर घालून शाळेच्या व्हरांड्यात आणवला. पोती मोजायच्या त्या काट्यावर एकेक मुलगी चढली. बाई आकडा वाचायच्या आणि मी लिहायचे. कोणी सांगितलं नव्हतं, पण बाईंनी पेन माझ्याच हातात दिलं होतं. कुणी दोन किलोनं वाढलेली, कुणी जिथल्या तिथे. मग शेवंता चढली. डिसेंबर असल्यामुळे अंगात स्वेटर, त्यावर ओढणी गुंडाळलेली. रजिस्टरात ती छत्तीस किलोची होती, बरोबर मधली. बाईंनी काट्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं. तिला उतरवलं, काटा तपासला, परत चढवलं.

"सव्वीस," बाई म्हणाल्या.

मी लिहिलं नाही. बाईंनी तिचा स्वेटर काढायला लावला आणि आम्हा सगळ्यांना तिचे खांदे दिसले. ती पोरगी पाच महिने माझ्या छपराखाली राहत होती. मी तिला रोज दोन वेळा जेवताना पाहत होते. पाहत होते असं मला वाटत होतं.

तासाभरात आम्ही तिघी तालुक्याच्या दवाखान्यात होतो. शेवंता बाईंच्या मांडीवर डोकं टाकून अर्धवट झोपेत. कोलामांच्या वस्तीवरची, पोडावरची ती पोरगी, एरवीही आमच्याशी मोजकंच बोलायची. त्या दिवशी तर तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. तपासणाऱ्या तरुण डॉक्टरीणबाईंनी वजन ऐकलं आणि हात पुढे केला. "मागच्या महिन्यांची वजनं आहेत का?"

रजिस्टर माझ्या पिशवीत होतं. ते मी का घेतलं होतं कोण जाणे, सवयीनंच. मी ते दिलं. डॉक्टरीणबाईंनी नोव्हेंबरचं पान पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "महिन्याभरात दहा किलो? हे इथलं काम नाही. नागपूरला पाठवायला लागेल." त्या चिठ्ठी लिहायला लागल्या. मी बाईंकडे पाहिलं. मला वाटलं, आता त्या बोलतील. त्या शेवंताच्या केसांतून हात फिरवत खाली बघत राहिल्या. काही केल्या वर पाहीनात.

"ते आकडे खोटे आहेत," मी म्हणाले. "जुलैनंतर वजन केलेलंच नाही. मी बसून लिहिले."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मग आकडे राहू द्या. ही तुमच्याजवळ राहते ना? डोळ्यांनी काय पाहिलंत ते सांगा."

आणि तेव्हा मला आठवलं. ही पोरगी अभ्यासाच्या तासाला सारखी उठून रांजणाकडे जायची. पाणी प्यायची, बाहेर जायची, परत येऊन पाणी प्यायची. अभ्यास टाळते म्हणून मी तिला दोनदा सगळ्यांसमोर रागावले होते. तेही सांगितलं. कधीपासून, असं त्यांनी विचारलं. ते मात्र मला सांगता येईना. डॉक्टरीणबाई ताडकन उठल्या. बोट टोचून रक्ताचा थेंब यंत्रावर घेतला. साखर इतकी चढलेली होती की यंत्रानं आकडाच दाखवला नाही. चौदा वर्षांच्या पोरीला साखर! आम्हाला वाटायचं, तो साठीतल्या माणसांचा आजार.

तिला तिथंच सलाईन लागलं, इन्सुलिन लागलं, आणि मग यवतमाळला हलवलं. आणखी दोन-चार दिवस गेले असते तर पोर हाती लागली नसती, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. ती वाचली. तेव्हापासून रोज सुई.

परत आल्यावर मी आदिवासी प्रकल्प कार्यालयाला अर्ज लिहिला. काय केलं, किती महिने केलं, सगळं. पाठवण्याआधी बाईंना वाचायला दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. बराच वेळ हातात धरून बसल्या, मग एक वेलांटी दुरुस्त केली आणि "बरोबर हाये" म्हणून परत दिला. माझ्यावर चौकशी बसली, वेतनवाढ थांबली, अधीक्षिकापद गेलं आणि नेरला कारकुनी टेबलावर बदली झाली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट वाटायचा हक्कच नव्हता. उलट मी जिथं जाईन तिथं राठोडबाईंची गोष्ट सांगायची: बघा, एका बाईनं सांख्यिकीच्या तासाला एक पोर वाचवली आणि मला एका शब्दानं न दुखावता माझं खोटं माझ्याच पुढ्यात ठेवलं. नेरच्या ऑफिसात माझ्या काचेखाली त्यांचा फोटो होता.

गेल्या वर्षी त्या आजारी असल्याचं कळलं. पुसदला उतरून मी त्यांच्या तांड्यावर गेले. एवढी धिप्पाड बाई खाटेवर कुठं आहे ते शोधावं लागलं. सून चहा ठेवायला आत गेली तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, एक सांगायचं राहून गेलं. मले सप्टेंबरातच दिसलं होतं."

"काय दिसलं होतं?"

"दोन महिने सगळ्याइचं अर्धा-अर्धा किलो वाढते, असं कुठं असते काय? मी गनिताची मास्तरीन. सही कराले रजिस्टर हातात घेतलं अन् समजलं. तरी सही केली. ऑक्टोबरात केली, नोव्हेंबरात केली."

पाच महिन्यांच्या त्या पानांवर माझ्या सहीशेजारी त्यांची सही होती. चौकशीत सगळ्यांनी ती पाहिली होती आणि कुणाच्याच डोक्यात काही आलं नव्हतं. माझ्याही.

"काहून नाही बोलल्या तुम्ही?" माझ्या तोंडून त्यांचीच बोली बाहेर पडली.

"कशी बोलू? तुम्ही शहरच्या, कचेरीवाल्या घरच्या. तुम्ही पोरींसमोर माही जीभ दुरुस्त करत होत्या. मले वाटलं, तांड्यावरची बाई अधीक्षिकेले खोटं म्हणते, असं होईल. मंग पोरींच्या तोंडून वदवलं. माह्या तोंडून निघालं नाई म्हणून." त्यांना धाप लागली. "दवाखान्यात तुम्ही बोलल्या. मी तिथंबी गप्प बसली. तुमच्या अर्जात माहं नाव पाह्यजे होतं. सप्टेंबरात बोलली असती तं पोट्टीले जनमभराची सुई लागली नसती, ताई. थे माह्यामुळं झालं."

मला राग आला. खोटं कशाला बोलू, भयंकर राग आला. इतकी वर्षं जिला काचेखाली ठेवलं, ती माझ्याइतकीच सही करून मोकळी झालेली होती, आणि अर्जातली वेलांटी दुरुस्त करताना तिला हे माहीत होतं. आणि रागासोबत हेही कळत होतं की तिचं तोंड बंद करणारी मीच होते. चहा आला, तो प्याले. निघताना त्यांनी माझा हात धरून विचारलं, "मी चांगली मास्तरीन होती ना?" मी म्हणाले, "होतात. पण सांगायला हवं होतं." त्यांनी मान डोलावून "हाव" म्हटलं आणि डोळे मिटून घेतले. सुईबद्दल मी काहीच बोलले नाही. त्या म्हणतात तसंच असणार, असं मीही धरून चालले होते. पंधरवड्यात त्या गेल्या.

हे सगळं लिहून झाल्यावर, छापायला देण्याआधी शेवंताला वाचून दाखवायला हवं, असं माझ्या मनानं घेतलं. शेवंता आता चोवीस वर्षांची आहे, वणीला ब्लाऊज-ड्रेस शिवण्याचं दुकान चालवते. मशीन बंद करून ती ऐकत बसली. रजिस्टरचं ऐकलं, काट्याचं ऐकलं, माझं रागावणं ऐकून थोडी हसलीही. बाईंच्या शेवटच्या बोलण्यापाशी आले तेव्हा तिनं मला थांबवलं.

"सप्टेंबरात? सप्टेंबरात मले काईच नव्हतं, मॅडम. तवा तं मी तालुक्याले खो-खो खेळाले गेलती. तहान लागाले लागली थे दिवाळीच्या सुट्ट्यात, घरी गेलती तवा."

मी तिला पुन्हा विचारलं. ती पुन्हा तेच म्हणाली.

"अन् सुई तं लागलीच असती. आधी सापडलं असतं तरी लागली असती, या साखरेचं तसंच असते. यवतमाळच्या डॉक्टरनं मले तवाच समजावून सांगितलं होतं. बाईंले माहीत नव्हतं काय हे?"

"नाही."

"मरेपर्यंत नाई?"

मी नकारार्थी मान हलवली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच उमगत नव्हतं.

"मंग तुम्ही दोघींपैकी मले कोनी विचारलं काहून नाई?"